केनियाला निघण्याआधी: आपल्या नवापूरच्या ख्रिस्ती मंडळीसाठी

पासपोर्टची मुदत बघून झाली असेल तर आधी इंजेक्शनचं बघा, कारण गाडी तिथेच अडते. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. मी मुंबईला जाऊन घेतली होती. टोचल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच रबर लावून ठेवा. केनियातून परतताना ते जवळ नसेल तर आपलंच सरकार विमानतळावरून उचलून ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. किसुमूकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला, डासांची कमी नाही.

केनियाने २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. फॉर्मवर कारण खरं लिहा. ‘फिरायला’ म्हणून लिहायचं आणि रविवारी चर्चमध्ये वचन सांगायला उभं राहायचं, हे साक्ष देणाऱ्याला शोभत नाही. वेगळा परवाना लागतो का, ते तिथल्या पाळकांना विचारून घ्या.

बॅगेत बिबडे, लसणाची चटणी जरूर घ्या, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. २०१७ पासून तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि आपल्या बायांचा जीव तर पिशवीत पिशवी घालण्यात! बियाणं, कच्चं धान्य नको. चार्जरला तीन चौकोनी पायांचा जाड अडॅप्टर लागतो, तो इथूनच न्या. आणि चटणीचा डबा यजमानांच्या ताटाशेजारी उघडू नका. त्यांच्या जेवणात तिखट फारसं नसतं, ती माउली समजेल की माझा स्वयंपाक पाहुण्यांना गोड लागला नाही.

जेवण म्हणजे बहुतेक उगाली. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. भाकर खाणाऱ्याला अवघड नाही. हातावर पाणी घालतात, मग लहान तुकडा तोडायचा, मुठीत वळायचा, अंगठ्याने मध्ये खळगा करायचा आणि त्यात पालेभाजी नाहीतर माशाचं कालवण उचलायचं. मला पहिल्या घासाला खळगा जमला नाही, रस्सा कोपरापर्यंत आला आणि घरातली पोरं लोळून हसली. त्या हसण्याने जेवढी ओळख झाली तेवढी माझ्या भाषणाने झाली नाही.

वेळेचं मात्र नीट ऐका. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, पहिला तास. ‘सा ताटू’ म्हणजे तिसरा, आपले सकाळचे नऊ. मी वहीत आकडे पाठ करून गेलेला शहाणा. उपासना ‘सा ताटू’ ऐकलं आणि सगळ्यांना दुपारी तीनला तयार ठेवलं. मंडळी सकाळी नऊपासून झाडाखाली गाणी म्हणत आमची वाट बघत होती. कुणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

स्वाहिली ‘असांते’, म्हणजे धन्यवाद, सगळे शिकून येतात. सरोवराकडे लुओ लोक आहेत, त्यांच्या भाषेतलं धन्यवाद, ‘एरोकामानो’, शिका. नंदुरबारच्या बाजारात मराठी चालते, पण पाड्यावर कुणी आपल्या मावची बोलीत बोललं की म्हातारीचा चेहरा फुलतो, तसंच हे. स्कँडिनेव्हियातून आलेले मिशनरी पश्चिम खान्देशात उतरले त्या काळाबद्दल घरातल्या जुन्या माणसांना विचारून जा. माझी आजी म्हणायची, साहेब चांगलाच होता, पण तो आमच्या बोलीत चुकायला लागला तेव्हा आम्ही त्याला घरात बसवलं. यावेळी साहेबाच्या जागी आपण आहोत.

म्हणून पहिले तीन दिवस काही करायला जाऊ नका. नव्या सुनेने आल्या दिवशी चुलीची जागा बदलली तर सासरी काय होतं ते ठाऊक आहेच. वडील मंडळींना भेटा, सांगतील तिथे बसा, चहा घ्या. पोरांना रस्त्यात चॉकलेटं वाटू नका. द्यायचं ते पाळकांच्या हातून. फोटो विचारल्याशिवाय नको, आजाऱ्यांचे तर नकोच. गाण्याला ढोलकी न्यावी का? न्या, पण त्यांनी म्हटल्याशिवाय काढू नका.

शेवटी घरच्यांचे फोटो छापून घ्या, मोबाइलमधले चालत नाहीत, ते हातोहाती फिरत नाहीत. मुलंबाळं, शेत, बैल, सगळं. मागच्या खेपेला एका आजींनी आमच्या बैलजोडीचा फोटो हातात घेतला तो सोडेचनात. त्यांनी बैलांची नावं विचारली आणि मला ऐनवेळी एकाचंच आठवलं. तेव्हा नावं फोटोच्या मागे लिहून ठेवा.