बीटलचं इंजिन बांधायला घेताय? आधी पत्रे मोजा

हवेनं थंड होणारं जुनं इंजिन कमी पैशात पुन्हा उभं करता येतं, हे मी आता खात्रीनं सांगू शकतो. पहिल्या खेपेला मात्र मी बांधलेलं इंजिन हजार किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन बसलं. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला आणि हेडला तडा गेला. बेअरिंगं नवी होती, रिंगा नव्या होत्या, मापं बरोबर होती. फक्त हवा वळवणारे दोन लोखंडी पत्रे बसवायचे राहिले होते. हे सगळं फोक्सवॅगन बीटलच्या १६०० सीसी इंजिनाबद्दल आहे, ८५.५ मिमी बोअर आणि ६९ मिमी स्ट्रोकवालं. त्याच घराण्यातल्या लहान इंजिनांनाही बहुतेक लागू पडेल.

हत्यारांबद्दल फार सांगत नाही. पाने, सॉकेट, फीलर गेज लागतीलच. बारीक हालचाल मोजणारं डायल गेज विकत घेऊ नका, कुणाकडून तरी मागून आणा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं कसणारा पाना, मात्र हवाच, कारण क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे आणि हाताच्या अंदाजानं कसलं की स्टड आटे घेऊन बाहेर येतो. फ्लायव्हीलच्या मधल्या नटाला ३६ मिमीचा सॉकेट आणि माणसाच्या उंचीचा पाइप ठेवा. तो नट ३४० न्यूटन मीटरच्या आसपास कसलेला असतो, साध्या पान्यानं हलणार नाही.

इंजिन खोलताना फोटो काढा, नटबोल्ट पिशव्यांत भरा, हे कुणीही सांगेल. मी वेगळं सांगतो. पत्रे मोजा. इंजिनावरून निघालेला प्रत्येक पत्रा जमिनीवर मांडा, ज्या बाजूचा आहे त्या बाजूला ठेवा आणि फोटो काढा. वरचे मोठे पत्रे कुणी विसरत नाही. विसरतात ते सिलिंडरच्या खालचे, प्रत्येक बाजूला एक, दोन सिलिंडरांच्या मधोमध अडकणारे. वाकडेतिकडे, तेलानं काळे झालेले, बघितले तर भंगार वाटतात. पंख्याची हवा वरून येते आणि तिला मोकळी वाट मिळाली की दोन सिलिंडरांच्या फटीतून सरळ खाली निघून जाते. मग सिलिंडरच्या पोटाखालच्या पंखांना, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ कडांना, हवा लागतच नाही. ही हवा वळवून पोटाखाली नेण्याचं काम ते दोन पत्रे करतात. पाण्याच्या इंजिनात रेडिएटर काढून गाडी चालवाल का? तसंच आहे हे.

आता पैसे. क्रँक मापून घ्या. मापात असेल तर नुसता पॉलिश करून वापरा, उगाच घासून अंडरसाइज (लहान मापाचा) करू नका. कनेक्टिंग रॉड, रॉकर, फॅनचं घर, सगळे पत्रे जुनेच वापरा. रॉकेलमध्ये बुडवा, घासा, रंगाचा अगदी पातळ हात द्या. ऑइल कूलर टाकू नका, पण आतून-बाहेरून नीट धुवा. त्याच्या पंखांत तेलमातीचा थर बसलेला असतो. वाचवायचं नाही ते इथे: बेअरिंग, सगळे सील, रॉडचे नट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून खाली पडलं की पिस्टन, हेड, सिलिंडर, सगळंच जातं. हेड मशीन शॉपला देताना दोन व्हॉल्व्ह सीटांमध्ये आणि प्लगच्या भोकाकडे तडे आहेत का, हे तिथेच उभं राहून बघा.

क्रँककेस जोडताना घाई नको. मेन बेअरिंग आपापल्या डॉवेलवर (जागा धरून ठेवणाऱ्या खुंटीवर) बसलंय का, हे बोटानं हलवून बघा. डॉवेलवर न बसलेलं बेअरिंग नट कसताना चिरडतं. क्रँकच्या गिअरवर दोन टिंबं, कॅमच्या गिअरवर एक. ते एक टिंब त्या दोघांच्या मध्ये यायला हवं. वरच्या अर्ध्या भागातले टॅपेट (कॅम ज्यांना ढकलतो ते तुकडे) क्लिपनं किंवा ग्रीसनं धरून ठेवा, नाहीतर केस बंद करताना गळून पडतात. कॅमच्या टोकाचं बूच विसरू नका. सीलंट पातळ लावा, जास्तीचं तेलाच्या वाटेत जातं. मोठे नट ३४ न्यूटन मीटर, लहान २०. आणि प्रत्येक टप्प्याला क्रँक हातानं फिरवा. अडला तर तिथेच थांबा, केस उघडा. 'चालू झाल्यावर मोकळा होईल' असं मनात आलं तर समजा, काहीतरी चुकलंय.

क्रँकची मागेपुढे हालचाल ०.०७ ते ०.१३ मिमी हवी. ती फ्लायव्हीलच्या मागच्या तीन चकत्यांनी जमवतात. सील न लावता आधी दोनच चकत्या घाला, फ्लायव्हील कसा, डायल गेजवर मोजा आणि तिसरीची जाडी हिशेबानं काढा. तीन म्हणजे तीनच. चार पातळ चकत्या घालून माप आणू नका.

पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे. सिलिंडर चढवले? आता हात थांबवा. हेड उचलू नका. ते दोन पत्रे कुठे आहेत? आत्ता, याच क्षणी बसवायचे. नंतर पुशरॉडच्या (टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या आडव्या येतात आणि हेड काढल्याशिवाय पत्रे आत जात नाहीत. माझं नेमकं इथेच चुकलं. हेड कसून झाल्यावर ते डब्यात दिसले, परत खोलायचा कंटाळा आला आणि 'दोन पत्र्यांनी काय होतंय' म्हणून तसाच पुढे गेलो. गरम झाल्यावर आयडलिंगला तेलाचा दिवा लुकलुकायचा, तेव्हाही मी पत्र्यांचा विचार केला नाही, तेल बदलून बघितलं. पत्रे सैल बसत असतील तर थोडे वाकवून स्टडवर घट्ट बसतील असे करा. खडखडले तर गळून पडतील.

पुशरॉडच्या नळ्या लावण्याआधी ताणून १९० मिमी करा, जोड वरच्या बाजूला. नाहीतर तेल गळेल. हेडचे नट ठरलेल्या क्रमानं, दोन खेपांत.

पुढचं भराभर. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनावर ०.१५ मिमी. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. तेल अडीच लिटर. प्लग न लावता स्टार्टर फिरवा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा, वायरींच्या रबरी टोप्या पत्र्याच्या भोकात नीट बसवा, हवा तिथूनही निसटते. इंजिनाभोवतीचा रबरी पट्टा नवा घ्या, नाहीतर खालची गरम हवा पंखा परत आत ओढतो. कॅम नवा असेल तर पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास, आयडलिंगला सोडू नका. पाचशे किलोमीटरला तेल बदला, व्हॉल्व्ह क्लिअरन्स परत बघा.

आणि इंजिन गाडीत चढवण्याआधी टॉर्च घ्या, आडवे व्हा, पुशरॉडच्या नळ्यांच्या मागे बघा. डावीकडे एक पत्रा, उजवीकडे एक. दिसले तरच चढवा.