नाकतोडे खाण्याआधी कोळंबी आठवा

मेक्सिकोत ओआहाकाच्या बाजारात टोपल्यांमधून तांबूस ढीग मांडलेले दिसतात. ते चापुलिनेस, म्हणजे लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले नाकतोडे. आंबट-खारट, कुरकुरीत, जरूर चाखून बघा. पण कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर गांध्या उठतात, ओठ-घसा सुजतो, त्यांनी एकही तोंडात टाकू नये. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन नाकतोड्यातही असतं आणि नुसतं भाजून-तळून ते निरुपद्रवी होत नाही. काही प्रोटीन बारमध्ये रातकिड्यांचं पीठ असतं, तेव्हा अशांनी परदेशात लेबल वाचल्याशिवाय बार फोडूच नये.

बाकीच्यांनी सुरुवात बारीक नाकतोड्यांपासून करावी. मोठ्यांचे मागचे पाय काटेरी असतात, घशात टोचतात. पाय आणि पंख मोडून टाका.

शेतातले टोळ धरून घरी भाजायचं मात्र अजिबात मनात आणू नका. 2020 मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा त्यांच्यावर कीटकनाशकं फवारली गेली होती. फवारा बसलेला टोळ जागेवरच मरतो असं नाही, तो उडून दुसऱ्याच्या बांधावर जाऊन बसतो. ते विष भाजल्याने उतरेल या भरवशावर राहू नका.