पावसाळ्यात मोकळ्या कोंबड्या आणि परसबाग

मृगाच्या सरींनी जमीन भिजली की गांडुळे, किडे आणि कोवळे गवत मिळवण्यासाठी कोंबड्या जोमाने उकरू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत परसात भेंडी, काकडी, दोडक्याचे बी नुकते रुजलेले असते. यावर त्यांना दिवसभर कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. परसाची नासाडी मुख्यतः एकाच तुकड्यावर रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोंबड्या फिरल्यामुळे होते. म्हणून कोठे आणि किती वेळ सोडायचे, हे पालकाने ठरवावे.

एका कोंबडीमागे 40 ते 50 चौरस फूट मोकळी जागा धरावी, म्हणजे अर्ध्या गुंठ्यात दहाहून अधिक कोंबड्या ठेवू नयेत. ही जागा बांबूच्या ताट्या किंवा जाळी लावून तीन-चार भागांत विभागावी, एका भागातील गवत दोन बोटे उरले की कोंबड्या पुढच्या भागात न्याव्यात आणि चरून झालेल्या भागाला तीन-चार आठवडे विश्रांती द्यावी. विश्रांतीने गवत सावरते. जंतांची अंडी मात्र ओल्या मातीत अनेक महिने टिकतात, त्यामुळे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक देणे टाळू नये. गावठी कोंबड्या चांगल्या उडतात, त्यांच्यासाठी कुंपण पाच-सहा फूट उंच हवे. वनराज किंवा गिरिराजसारख्या जड पक्ष्यांना त्याहून कमी उंची पुरते.

वेळेचे बंधन सर्वांत उपयोगी आहे. सूर्यास्तापूर्वी दोन तास सोडलेल्या कोंबड्या फार दूर जात नाहीत आणि अंधार पडू लागताच आपणहून खुराड्याकडे परततात. मुसळधार पाऊस चालू असताना त्यांना बाहेर काढू नये, कारण चिकचिकीत जमीन पायांखाली दबून घट्ट होते आणि तेथे गवत पुन्हा सहज धरत नाही. खुराड्याच्या दारापुढची जागा हमखास उघडी पडते. तेथे गवताचा आग्रह सोडून मुरूम पसरावा. आतील तूस ओले होताच बदलावे, कारण ओल आणि उबेत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात.

नव्या रोपांचे आळे कोंबड्यांना विशेष प्रिय असते. आंबा, शेवगा, कढीपत्ता यांच्या बुंध्याभोवती मोठे दगड रचावेत किंवा जाळी जमिनीवर आडवी अंथरावी, म्हणजे पाणी मुरते पण मुळे उघडी पडत नाहीत. मेथी, कोथिंबीर, पालक यांचे वाफे मात्र पूर्ण बंदिस्तच ठेवावेत. कोंबड्यांना धूळस्नानासाठी छपराखाली कोरडी माती आणि चुलीची राख यांचा खड्डा दिला, तर त्या वाफ्यांत लोळण्याचे प्रमाण बरेच कमी होते. जेथे कीटकनाशक फवारले आहे, औषध लावलेले बियाणे सांडले आहे किंवा उंदरांचे विष ठेवले आहे, तेथे कोंबड्या कदापि सोडू नयेत.

दोडका, पडवळ, कारल्याचे वेल मांडवावर चढून खोड कणखर झाले, की कोंबड्यांना मांडवाखाली थोडा वेळ अवश्य सोडावे. त्या तण व किडी वेचतात. ताजी विष्ठा रोपांना जाळते आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीसाठी धोकादायक असते. म्हणून खुराड्यातील विष्ठा पालापाचोळ्यासह खड्ड्यात पूर्ण कुजवून मगच वाफ्यांना घालावी.