टी.जे. मॅक्स, मार्शल्समध्ये खरा डिझायनर माल कसा हेरावा

अमेरिकेतल्या टी.जे. मॅक्स, मार्शल्स, नॉर्डस्ट्रॉम रॅक या सवलतीत ब्रँडेड माल विकणाऱ्या दुकानांत एकाच रॉडवर दोन प्रकारचा माल टांगलेला असतो. एक, मोठ्या दुकानांची रद्द झालेली ऑर्डर, जास्तीचं उत्पादन किंवा मोसम संपून उरलेला माल. दुसरा, अशा दुकानांसाठीच नावापुरतं लेबल लावून स्वस्तात बनवून घेतलेला. पहिला उचलायचा, दुसरा कपडा म्हणून त्या किमतीला परवडत असेल तरच घ्यायचा. दोन्हींवरचे किमतीचे टॅग सारखेच दिसतात, म्हणून टॅग शेवटी बघा.

टॅगवर ‘कंपेअर ॲट’ म्हणून जो मोठा आकडा छापलेला असतो, ती त्याच वस्तूची जुनी किंमत असेलच असं नाही. तशा प्रकारची वस्तू इतर चांगल्या दुकानांत साधारण कितीला मिळाली असती, याचा तो दुकानाच्या खरेदी विभागाने बांधलेला अंदाज. १२० डॉलर खोडून ४० लिहिलेत म्हणजे ८० वाचले, हा हिशेब सोडून द्या. ही वस्तू ४० ची आहे का, एवढंच बघायचं.

आता कपडा उलटा करा. बाजूच्या शिवणीत किंवा मानेपाशी शिवलेल्या लहान पट्टीवर धाग्याचं प्रमाण आणि बहुतेक वेळा ‘आरएन’ असं लिहून एक आकडा असतो. तो बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीचा नोंदणी क्रमांक. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनीचं नाव फुकट कळतं. उदाहरणार्थ, केल्विन क्लाइनचे बरेच ड्रेस वर्षानुवर्षं जी-थ्री नावाच्या कंपनीने परवान्यावर बनवले आहेत. माल खोटा नाही, पण त्याला फॅशन शोमधला समजून पैसे मोजू नका. त्याच पट्टीवर किंवा तिच्या मागच्या पट्टीवर बहुतेक वेळा स्टाइल नंबर असतो. ब्रँडचं नाव आणि तो नंबर फोनवर शोधा. मोठ्या दुकानाच्या जुन्या पानावर तीच वस्तू दिसली तर खरी किंमतही तिथेच सापडते. नुसती आउटलेटची, म्हणजे ब्रँडच्या स्वतःच्या स्वस्त दुकानांची, पानं आली, तर तो माल आउटलेटसाठीच बनलेला असण्याची शक्यता जास्त.

लेबलं नीट वाचा. ‘मायकेल कॉर्स कलेक्शन’ ही थोरली पाती, ‘मायकेल मायकेल कॉर्स’ ही धाकटी. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. ब्रुक्स ब्रदर्सच्या लेबलवर ३४६ असेल तर ती त्यांची आउटलेटची मालिका. जे. क्रूच्या नावाखाली पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे दोन छोटे ठिपके असले तर तो त्यांच्या ‘फॅक्टरी’ या आउटलेट मालिकेचा माल. टॅगवरच्या एका आकड्यावरून खरा माल ओळखण्याच्या याद्या इंटरनेटवर फिरतात. त्यांच्या भरवशावर पाकीट काढू नका.

लेबलपेक्षा शिवण जास्त बोलते. चौकडीचा किंवा पट्ट्यांचा कपडा असेल तर बाजूच्या शिवणीवर आणि खिशावर पट्टे जुळतात का बघा. जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून स्वस्त मालात पहिली काटछाट तिथेच होते. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, किती सोडली आहे तेही पाहा: पँटच्या मागच्या शिवणीत बोटभर माया असेल तर पुढे कंबर सैल करता येते, नसेल तर नाही. कोटाचं अस्तर खाली थोडं ढिलं सोडलेलं हवं; ताणून बसवलं की काखेत उसवतं. काश्मिरी लोकरीचा स्वेटर दोन तळव्यांत दहा-बारा वेळा घासा. लगेच गोळे यायला लागले तर धागा आखूड आहे. ‘१०० टक्के काश्मिरी’ हे खरं असूनही तो एका हिवाळ्यात खराब होणार.

दुकानात माल साइजप्रमाणे लावलेला असतो, ब्रँडप्रमाणे नाही, आणि दुपारनंतर तोही विस्कटलेला. आपल्या साइजच्या दोन्ही बाजूंचे रॉड चाळा. युरोपीय आकडे चुकीच्या जागी टांगलेले असतात: इटालियन ४२ किंवा फ्रेंच ३८ म्हणजे अमेरिकन ६ च्या आसपास. टी.जे. मॅक्सच्या काही शाखांत ‘रनवे’ नावाचा वेगळा डिझायनर विभाग असतो. आधी फोन करून विचारा. नवा माल आठवड्यातून अनेकदा येतो. कोणत्या दिवशी येतो ते काम करणाऱ्यांना विचारा आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून सकाळी जा. लाल स्टिकर म्हणजे उतरवलेली किंमत, पिवळा म्हणजे बहुधा शेवटची. नॉर्डस्ट्रॉम रॅकचा ‘क्लिअर द रॅक’ सेल वर्षातून काही वेळा लागतो. तेव्हा उतरवलेल्या किमतीवर साधारण आणखी २५ टक्के सूट असते.

पैसे देण्याआधी उजेडात शेवटची तपासणी. बुटांच्या दोन्ही पायांचा आकडा बघा. लोक घालून बघतात आणि ७ चा डावा, साडेसातचा उजवा एका जोडीत येतो. कमरेला पट्टा अडकवायचे लूप आहेत पण पट्टा नाही, असे ड्रेस पुष्कळ. रेशमी कपड्यावर चोरीविरोधी पिनेचं भोक, कॉलरच्या आत मेकअपचा डाग, काजाशेजारी निसटलेलं बटण, हेही पाहून घ्या. लेबलवर पेनाची रेघ मारलेली असेल तर घाबरू नका. मूळ दुकानात नेऊन कुणी परत करू नये म्हणून ती मारतात. सीलबंद नसलेली क्रीम मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नयेत.

न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, पण पर्स, दागिने, गॉगल यांवर ६.६२५ टक्के लागतो. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्यावर राज्याचा कर माफ आहे. टी.जे. मॅक्समधून घेतलेला माल बिलासकट ३० दिवसांत परत होतो. भारतात कुणासाठी नेणार असाल तर ही मुदत विमानातच निघून जाईल, म्हणून घ्यायच्या कपड्याची छाती-कंबर-उंची टेपने मोजून घ्या आणि तिकडून आलेल्या मापांशी दुकानातच ताडून पाहा. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका; एकाच ब्रँडचे दोन ८ दोन इंचांनी वेगळे निघतात.