विंडोज उडवायची एवढी घाई कशाला? लिनक्सवर जाताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि "जुन्या मशीनवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून द्या" म्हणणारे वाढले. देतो, पण आधी डिस्क फॉरमॅट करून मग मला फोन करू नका.

नाशिकच्या पंचवटीत पत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्याने नेमकं हेच केलं. शनिवारी रात्री विंडोज पुसून उबंटू नावाचं लिनक्स टाकलं. रविवारी सकाळी गिऱ्हाईक दारात, थोरल्याची लग्नपत्रिका धाकट्यासाठी नावं बदलून हवी. लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिसचा मोफत पर्याय) फाइल उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा! गड्याने सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटो देवनागरी हा फॉन्ट लावला. ढिम्म फरक नाही. लगेच फोन, "भाऊ, लिनक्सला मराठी येत नाही."

येतं की! फाइलच युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीत, नव्हती. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवतात; फॉन्ट नसला की उरतं ते इंग्रजीच. नशिबाने विकत घेतलेल्या फॉन्टची सीडी कपाटात होती. फॉन्टच्या टीटीएफ फाइली होम फोल्डरमधल्या .local/share/fonts मध्ये टाकल्या, लिबरऑफिस बंद करून उघडलं, पत्रिका दिसली. कायमचा उपाय म्हणजे मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणणं. त्यानंतर प्रूफ वाचायचंच. रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि पत्रिकेत वराचं नाव चुकलं तर कन्व्हर्टरला कोणी बोलत नाही.

माझी पद्धत उलटी आहे: आधी सॉफ्टवेअर बदला, विंडोज नंतर काढा. लिबरऑफिस, जिम्प (फोटोसाठी), इंकस्केप (डिझाइनसाठी), स्क्रायबस (पानं मांडायला) हे सगळं विंडोजवरही चालतं. रोजचं काम महिनाभर तिथेच करा. कुठे अडतंय ते कळेल, आणि अडलं तर जुनं सॉफ्टवेअर हाताशी असेल. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. सगळ्यांना एका रात्रीत व्हायला हवं असतं.

कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फाइली इंकस्केप उघडतं, पण इफेक्टची खात्री नाही. कोरल आहे तोवर त्यांच्या एसव्हीजी (इंकस्केपला चालणारा फॉरमॅट) आणि पीडीएफ काढून ठेवा. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांनी ड्रॉइंगं डीएक्सएफ फॉरमॅटमध्ये सेव्ह करावीत, लिब्रेकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ती उघडतं. वर्डच्या फाइलीत ओळी सरकल्या तर कार्लिटो फॉन्ट टाका, त्याच्या अक्षरांची रुंदी वर्डमधल्या कॅलिब्री फॉन्टइतकीच असते. प्रेससाठी सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ स्क्रायबसमधून काढा. जिम्पमध्ये फोटोशॉपचे शॉर्टकट शोधत बसणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही.

आणि टॅली? तिची लिनक्स आवृत्ती नाही. वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्रॅम) ओढूनताणून चालवू नका. हिशेबाचं एक मशीन विंडोजवरच राहू द्या.