.२२ रिव्हॉल्व्हर आणि टार्गेट : पैसे कशावर घालावेत, कशाला हात लावू नये

.२२ रिव्हॉल्व्हर घेतली की पहिल्या महिन्यातच तिला काहीतरी बसवायची हौस येते. रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट), हलकी स्प्रिंग, चकचकीत चाप (ट्रिगर). तेवढं थांबा. ज्या वस्तूंनी गुण वाढतात त्या बहुतेक स्वस्त असतात आणि तळहात, डोळा किंवा काडतूस यांच्याशी त्यांचा संबंध असतो. आतल्या यंत्राशी खेळून मात्र या कॅलिबरमध्ये नुकसानच होतं. का, ते पुढे येईल.

आधी कागद. परवाना जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तांकडून. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षं असते. काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. सरावाचा हिशोब त्या आकड्यापासून मांडायचा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो, तेव्हा पोचपावती जपून ठेवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सराव १० मीटरवर एअर पिस्तूल-रायफलचा (हवेच्या दाबावरच्या बंदुकांचा) चालतो. २५ मीटरच्या फायरिंगसाठी पुण्याला बालेवाडीपर्यंत जायची वेळ येते. प्रवासात शस्त्र रिकामं आणि पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, मूळ परवाना खिशात. मे महिन्यात काडतुसांचा डबा गाडीच्या काचेखाली ठेवू नका. गोळीवरचं मेण मऊ होऊन बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते.

निवड करायची तर नळीची लांबी बघा. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची ‘निडर’ खिशात बाळगायला बनवलेली आहे. हलकी आणि आखूड. टार्गेटला पाच-सहा इंच नळी, अंगात वजन आणि मागची साइट (नेम धरायची खाच) स्क्रूने हलणारी, असं काही मिळालं तर उत्तम. जुनी घेत असाल तर रिकाम्या शस्त्राचा घोडा (हॅमर) हळू ओढून प्रत्येक घराला (सिलिंडरमधलं काडतूस बसायचं भोक) सिलिंडर पक्कं अडकतं का ते पाहा. सैल असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी घुसते, शिसं कातरलं जातं आणि बाजूला उडतं.

काडतूस आणि घरं

.२२चं काडतूस रिमफायर जातीचं, म्हणजे स्फोटक मिश्रण काडतुसाच्या कडेत असतं. घोड्याची पिन ती कड चिरडते आणि मग बार होतो. या साध्या गोष्टीतून बाकी सगळे नियम निघतात.

.२२ एलआरच्या (लाँग रायफल, नेहमीचं .२२ काडतूस) घरात .२२ शॉर्ट चालतं, पण आखूड काडतुसाच्या पुढे घाणीचं कडं साचतं आणि नंतर एलआर आत जात नाही. .२२ मॅग्नम ही वेगळीच जात आहे, जाडीला मोठी. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये एलआर घालू नका, सैल बसून केस (काडतुसाचं पितळी कवच) फुटते. टार्गेटला ४० ग्रेन वजनाची, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची साधी शिशाची गोळी पुरे. जास्त वेगाची महाग काडतुसं कागदावर काही देत नाहीत.

आता एक कसोटी, जी फार कमी लोक करतात. रिव्हॉल्व्हरला नळी एक असली तरी घरं सहा, आठ किंवा दहा असतात आणि सगळी सारखी कापलेली नसतात. सिलिंडरच्या मागच्या बाजूला मार्करने घरांना नंबर द्या. १० मीटरवर वाळूची उशी घ्या. (ज्वारी भरू नका, पावसाळ्यात पोरकिडे होतात.) उशीवर फ्रेम किंवा मूठ टेकवा, नळी टेकवू नका, आणि सिलिंडर-नळीच्या फटीसमोर ना उशी ना बोट. त्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण निघतात. मग एकेका घरातून पाच-पाच गोळ्या, दर घराला नवा कागद. सहातली पाच घरं एकाच ठिकाणी मारतात आणि एक हट्टी घर दोन बोटं बाजूला, असं निघालं तर ‘माझा हात हलतो’ ही अर्धी तक्रार तिथेच मिटते. गुण मोजायच्या मालिकेत ते घर रिकामं ठेवा. मालिका पाच गोळ्यांची असते, घरं उरतातच.

साइट : अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये २०० मिमी अंतर धरा. पुढची पोस्ट (पुढच्या साइटचा उभा दांडा) मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या पाव भागाएवढी, सरकली तर २५ मीटरवर गोळी १२५ मिमी सरकते. प्रिसिजन टार्गेटचा १० चा गोल ५० मिमी व्यासाचा आणि काळा भाग २०० मिमीचा. म्हणजे बरोब्बर मधल्या नेमाने निघालेली गोळी एवढ्याशा चुकीने दहाला सोडून सहाच्या रेषेवर जाते. म्हणून नजर पुढच्या पोस्टवर. टार्गेट धूसर दिसलं तर दिसू द्या.

साइट किती हलवायची याचा हिशोबही यातूनच निघतो : चूक गुणिले साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, ५० मिमी खाली पडतोय? ५० × २०० ÷ २५,००० म्हणजे ०.४ मिमी. मागची साइट तेवढी वर. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे हलवायची, पुढची उलट. एका गोळीवरून स्क्रू फिरवायचा नाही. निदान दोन पाचाच्या मालिका एकाच ठिकाणी पडल्या की मगच. १० मीटरवर सराव करत असाल तर २५ मीटरचा कागद ४० टक्क्यांवर छापा, दहाचा गोल २० मिमीचा होतो.

आपल्या उन्हात खरी अडचण चकाकीची आहे. पोस्टची एक बाजू चमकली की ती बारीक दिसते आणि ग्रुप आडवा सरकतो. जुना इलाज कापराचा. शस्त्र रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, तेल-सॉल्व्हंटची बाटली लांब. कापराची वडी वाटीत पेटवा आणि लोखंडी पोस्ट धुरात दोन-तीन सेकंद धरा. ज्योत लागता कामा नये, काजळीच बसली पाहिजे. मखमलीसारखा काळा थर येतो. बोट लागलं की पुसतो, म्हणून रेंजवर निघायच्या आधीच करा. साइट प्लॅस्टिकची किंवा फायबरची असेल तर हा उद्योग नको, काळा मार्कर घ्या.

रेड डॉट वाईट नाही, डोळे चाळिशीला आलेल्यांना तो सुखाचा. पण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल स्पर्धांत उघड्या साइटच चालतात. शिवाय तो बसवायला फ्रेममध्ये भोकं पाडावी लागणार असतील तर ते काम परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचं, लेथवाल्याचं नाही.

मूठ

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. कंपनीची मूठ बहुतेकदा बारीक असते. घामाने हात वर सरकतो आणि दर गोळीला पकड बदलते.

चापावर पहिल्या पेराची गादी मध्यावर यायला हवी. बोटाचा सांधा चापावर येत असेल तर मूठ बारीक आहे, बोटाचं टोकच पोचत असेल तर जाड. दोन्हीत गोळी आडवी जाते. बोट फ्रेमला घासत असेल तरीही तेच. बोट आणि फ्रेम यांच्यात कागद सरकेल एवढी फट हवी.

लाकडी मूठ बनवण्याआधी एम-सीलने (दोन भाग मळून लावायची पुटी) आकार शोधा. जुन्या मुठीच्या पट्ट्या स्क्रू काढून सोडवा. फ्रेमला पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर पुटी कायमची चिकटेल. पट्ट्या घासून खडबडीत करा, परत बसवा. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकरंगी होईपर्यंत मळा. चापाच्या कडीमागची पोकळी आणि तळहाताचा खळगा, एवढ्या दोनच ठिकाणी लावा. रिकामं शस्त्र डोळे मिटून उचला, नेहमीसारखं धरा, सोडा. डोळे उघडल्यावर पोस्ट खाचेत आपोआप येत नसेल तर पुटी ओली असतानाच पुन्हा. रात्रभर वाळू द्या, मग १२० आणि २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. महिनाभर वापरून आकार पटला की त्या पट्ट्या, फक्त पट्ट्या, सुताराकडे न्या. शस्त्र त्याच्या दुकानात न्यायचं कारण नाही. शिसव उत्तम. वर जाड पॉलिश नको, घामात घसरतं. जवसाच्या तेलाचे दोन हात पुरतात.

लाकडी ठोकळा आणि बाकीचं किडुकमिडुक

काडतुसं खिशातून काढून भरली तर धूळ आत जाते. २५ मिमी जाडीच्या सागवानी तुकड्यात ६ मिमी ड्रिलने १८ मिमी खोल भोकं पाडा, पाच-पाचच्या ओळीत. काडतूस उलटं, गोळी खाली. कड वर सात-एक मिमी राहते, चिमटीत नीट येते. आणि किती झाडल्या हे ओळ पाहून कळतं.

कानाला प्लग आणि वरून मफ, डोळ्याला चष्मा. रिव्हॉल्व्हरच्या बाजूला उभ्या राहणाऱ्यालाही चष्मा हवाच, त्या फटीमुळे.

घरी कोरडा सराव करायचा तर रिकाम्या घरावर घोडा पाडू नका. पिन घराच्या कडेवर आदळते, तिथे खाच पडते आणि मग काडतूस बसत नाही. स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) नाही मिळाल्या तर इलेक्ट्रिशियन स्क्रूसाठी वापरतात तसली, कॉलर असलेली प्लॅस्टिकची गिट्टी सैलसर बसते का पाहा. ठोकून बसवू नका. कडेवर खड्डे पडले की बदला.

आणि ती हलकी स्प्रिंग. मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा पितळेची कड चिरडायला घोड्याचा ठोका जोरात लागतो. स्प्रिंग कापली की चाप लोण्यासारखा होतो आणि दर मालिकेत एक-दोन काडतुसं मुकी राहतात. चाप जड वाटत असेल तर घोडा अंगठ्याने ओढून मारा, वजन तिथेच निम्म्याहून खाली येतं.

अडतं कुठे

‘टक’ झालं, बार नाही : नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद मोजा, हात फटीपासून लांब. मगच सिलिंडर उघडा. बार झाला पण आवाज फुसका आला तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रेंज ऑफिसरला सांगा, शस्त्र रिकामं करून सळई घालून पाहा.

सिलिंडर जड फिरू लागलं तर दहातल्या नऊ वेळा दोषी असतो न जळालेल्या दारूचा दाणा, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या केस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली बसलेला. रिकाम्या केस काढताना नळी आभाळाकडे करून एक्स्ट्रॅक्टरचा दांडा एकदाच ठामपणे दाबा, दाणे खाली पडून जातात. नळी जमिनीकडे ठेवून दाबलं की ते चांदणीखाली शिरतात. ही सवय लागेपर्यंत जुना टूथब्रश पेटीत ठेवा.

साफसफाई दर फेरीनंतर. नळी मागून साफ करता येत नाही, त्यामुळे सळई तोंडाकडून घालावी लागते. पितळेचा गाईड वापरा, नाहीतर तोंडाची कड झिजून ग्रुप पसरतो. घरांना ब्राँझ ब्रश, मग कोरडी चिंधी, ती स्वच्छ निघेपर्यंत. घरात तेल राहू देऊ नका. बाहेर तेलाचा पुसट हात पुरे. काळ्या मातीची धूळ आणि जास्तीचं तेल मिळून घासणारा लगदाच तयार होतो. पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात शस्त्र ठेवू नका, चामडं ओल धरतं; कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा बदला.

हाताला शिसं लागलेलं असतं. चहा, तंबाखू, सुपारी काहीही तोंडात घालायच्या आधी साबणाने, थंड पाण्याने हात धुवा. रेंजवरचा शर्ट घरच्या धुण्यात टाकू नका.