युरियात मिसेल केव्हा जमतात: साध्या कंडक्टिव्हिटी मीटरवर मोजायचं कसं

युरियात प्रथिनं उलगडतात, हे पाठ सगळ्यांचं असतं. पण युरियाने जलद्वेषी ओढ, म्हणजे पाणी टाळणाऱ्या भागांची एकत्र येण्याची ओढ, सैल होते म्हणजे काय होतं, हे बघायला प्रथिनच हवं असं नाही. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, एक साबणासारखं डिटर्जंट) आणि द्रावण वीज किती वाहतं ते मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर असला की भागतं. एसडीएसच्या रेणूची बारा कार्बनांची शेपटी पाण्याला नकोशी असते, विद्युतभार असलेलं डोकं मात्र हवंसं. तीव्रता एका मर्यादेपलीकडे गेली की शेपट्या आत, डोकी बाहेर अशी टोळकी जमतात, तीच मिसेल. साध्या पाण्यात 25 अंशांना ही मर्यादा 8.2 मिलिमोलरच्या आसपास असते. युरियात ती वर सरकते, कारण शेपटीला एकटीने पाण्यात राहणं पूर्वीइतकं जड जात नाही.

आधी युरिया. 6 मोलरचं 250 मिली द्रावण करायला 90.1 ग्रॅम लागतो. पाणी सुरुवातीला 150 मिलीच घ्या. मी एकदा सवयीने 200 मिली घेतलं आणि विरघळेपर्यंत द्रावण 250 मिलीच्या खुणेच्या वर! एवढा युरिया स्वतःच 65-70 मिली जागा खातो. शिवाय तो विरघळताना उष्णता ओढून घेतो. बीकर हाताला गार लागतो, बाहेरून घाम फुटतो आणि तळाशी खडे तसेच पडून राहतात. अशा वेळी घाईने हॉटप्लेट लावायचा मोह आवरा, 25 अंशांच्या पाण्यात बीकर ठेवून ढवळत राहा. खुणेपर्यंत पाणी भरायचं ते द्रावण परत 25 अंशांवर आल्यावरच.

तापवायचं नाही याला कारण आहे. 1828 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. बाटलीत तोच रस्ता उलटाही चालतो, आणि ऊब मिळाली की जास्तच. प्रथिनांवर काम करणाऱ्यांना हा सायनेट प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतो म्हणून नको असतो. आपल्याला नको, कारण युरिया स्वतः वीज वाहत नाही पण हे आयन वाहतात. म्हणून एसडीएस घालण्याआधी नुसत्या युरियाची कंडक्टिव्हिटी वहीत लिहून ठेवा. कालच्यापेक्षा चढलेली दिसली तर द्रावण ओतून द्या, ताजं करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एसडीएसचं 0.1 मोलर द्रावण, म्हणजे 100 मिलीत 2.88 ग्रॅम, त्याच 6 मोलर युरियात करायचं. पाण्यात नाही. मी पहिल्यांदा पाण्यात केलं होतं. 50 मिली युरियात 17 मिली थेंबथेंब सोडेपर्यंत 6 मोलरचा साडेचार मोलर झाला होता, आणि मी दोन दिवस आलेखातला बाक (मिसेल जमू लागल्याची खूण) कुठे आहे ते शोधत बसले होते. ब्युरेटमध्ये आणि बीकरमध्ये युरिया एकाच तीव्रतेचा असला पाहिजे.

मग काम सोपं आहे. बीकरमध्ये 50 मिली युरिया, ब्युरेटमधून दर वेळी अर्धा मिली, हलकं ढवळणं, आकडा स्थिरावला की नोंद. जोरात ढवळलंत तर फेस होतो आणि बुडबुडा इलेक्ट्रोडवर बसून आकडा नाचवतो. एकूण 17 मिली गेले की एसडीएस 25 मिलिमोलरच्या थोडं वर पोचतं, तिथे थांबा. तीव्रता काढताना वाढलेलं आकारमान धरा: 0.1 ला घातलेल्या मिलीने गुणून 50 अधिक तेवढ्याच मिलींनी भागायचं.

आडव्या अक्षावर एसडीएसची तीव्रता, उभ्या अक्षावर कंडक्टिव्हिटी घ्या. आलेखात आधी चढी रेघ येते, पुढे कमी चढाची. दोन्ही लांबवा, छेदतील तिथे मिसेल जमायला लागले. पाण्यात हा कोपरा टोकदार येतो, युरियात बोथट. म्हणून कोपऱ्याजवळचे चार-पाच बिंदू सोडून द्या आणि रेघा दूरच्या बिंदूंवरूनच ओढा. पाण्यातले आणि युरियातले कंडक्टिव्हिटीचे आकडे मात्र एकमेकांशेजारी ठेवून ताडू नका. युरियाचं द्रावण दाट असतं, आयन त्यात हळू सरकतात. बघायचं ते फक्त कोपरा कुठे सरकला. 0, 2, 4, 6 मोलर असं केलंत तर तो पायरीपायरीने उजवीकडे जाताना दिसतो.

असं का होतं? ‘युरिया पाण्याची रचना मोडतो’ हे तयार उत्तर मला कधीच पटलं नाही. तेवढंच असतं तर मिथेनही युरियात जास्त विरघळायला हवा होता. पण तो पाण्यातल्यापेक्षा कमी विरघळतो, आणि ब्यूटेनसारखे मोठे हायड्रोकार्बन जास्त. युरियाचे रेणू लांब शेपटीलगत पाण्याच्या जागी येऊन टेकतात, मिथेनजवळ टेकायला तेवढी जागाच नसते, असं धरलं तर दोन्ही गोष्टी जुळतात.

काम झालं की इलेक्ट्रोड लगेच धुवा. रात्रभर तसाच राहिला तर सकाळी त्यावर युरियाच्या पांढऱ्या सुया उगवलेल्या असतात.